खोकल्यासाठी ट्रायपॉड

तुम्हाला दोन आठवड्यांहून जास्त दिवस खोकला असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा. जाऊन थुंकीची तपासणी करून या आणि मग पुढचं वाचा. मी कुठे जात नाही. माझ्या गोळ्या संपल्यात, वजन परत आलंय आणि सांगायला माझ्याकडे भरपूर आहे.

आलात? बरं.

मी मंगला. वय त्रेपन्न, मूळची अकोल्याची, गेली बावीस वर्षं लखनऊत एका सरकारी कंपनीत नोकरी. घर आलमबागला, वर गच्चीवर एक खोली, जिला इथे बरसाती म्हणतात. घरात नवरा अशोक, मुलगा निखिल, सून शालिनी आणि नात इरा. शालिनी इथलीच. तिला मराठी सगळी समजते, बोलते मात्र हिंदी. निखिलला मराठी येते, पण उत्तर हिंदीतच देतो. इरा दोन्ही भाषांत हट्ट करते.

आणखी एक ओळख राहिली. मराठी मंडळाच्या नाटकांत मरायचं काम गेली पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. मी स्टेजवर इतक्या वेळा खोकून मेले आहे की पहिल्या रांगेतल्या बायका आधीच पदर डोळ्यांना लावून बसतात. हातरुमालावर कुंकवाचं पाणी टिपून ठेवायचं, शेवटच्या खोकल्याला तो उलगडून प्रेक्षकांना दाखवायचा, की टाळी. ही कला पुढे माझ्याच मुळावर आली.

आठवड्याचा शब्द

दर रविवारी संध्याकाळी मिश्रा सर आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर एक शब्द टाकतात. सर निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत. तो शब्द म्हणजे त्या आठवड्याचा विषय. शनिवारपर्यंत त्यावर एक फोटो टाकायचा, आणि तोही त्याच आठवड्यात काढलेला. जुना चालत नाही. एक आठवडा जरी चुकला तरी तुमच्या नावापुढचा आकडा शून्यावर येतो. बक्षीस काहीही नाही. म्हणूनच माणसं जीव टाकतात.

मी जीव टाकणाऱ्यांतली. 'दरवाजा' या विषयासाठी मी छावणीतल्या एका बंद फाटकाचा फोटो काढायला गेले आणि पहारेकऱ्याची दहा मिनिटं बोलणी खाऊन आले. 'मीठा' या विषयासाठी चौकातल्या मिठाईवाल्याला सलग चार वेळा जिलबी उलटायला लावली. माझ्या कॅमेऱ्यावर एकच लेन्स आहे आणि तिला झूम नाही. चेहरा मोठा हवा असेल, तर स्वतःच पुढे सरकायचं. मी सरकत असे. अनोळखी माणसं दचकतात, पण नात दचकत नाही. त्यामुळे विषय कुठलाही असो, जमेल तिथे इरा.

इरा एव्हाना तयार मॉडेल झाली होती. मी कॅमेरा हातात घेतला की ती खिडकीशी जायची, उजेडाकडे अर्धी मान वळवायची आणि म्हणायची, "दादी, मैं रेडी."

एकोणिसाव्या आठवड्याचा शब्द होता 'धुआँ'. चौकातल्या कबाबाच्या भट्टीपुढे मी तासभर नाक खुपसून उभी राहिले. घरी आले ती खोकतच. धुराने होणारच, मी म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, थंडी आहे. तिसऱ्या आठवड्यात लखनऊचं धुकं होतं. धुक्यावर तर काहीही ढकलता येतं.

खोकल्याचा इलाज

बाविसाव्या आठवड्यात माझे फोटो हलायला लागले.

शटर दाबायच्या क्षणी खोकला यायचा. किंवा खोकला दाबायच्या नादात हात थरथरायचा. विषय होता 'धागा'. चिकनकारीच्या भरतकामात सुईतला धागा टिपायचा होता आणि बावन्न फोटोंपैकी एकही स्थिर आला नव्हता. मी ते फोटो लॅपटॉपवर मोठे करून पाहिले, गंभीरपणे मान हलवली आणि निदान केलं की आधार कमी पडतोय.

मग मी ट्रायपॉड आणला.

हसा, हसा. माझा नवराही हसला, पण आधी नाही, सहा महिन्यांनी. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "मंगल, खोकला तुला येतोय, कॅमेऱ्याला नाही."

"एवढे वर्षाचे बावन्न आठवडे होऊ दे," मी म्हटलं. "मग जाते डॉक्टरकडे."

"बावन्न? अजून तीस बाकी आहेत!"

"मग काय झालं? खोकलाच आहे."

ट्रायपॉडवर फोटो उत्तम यायला लागले. रिमोटने शटर दाबायचं, तोंड दुसरीकडे करून खोकायचं. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे तेव्हा मी पाहत नसे. आता ते फोटो उघडले की मला फ्रेमच्या बाहेरचं दिसतं. फ्रेममध्ये इरा असे. दुसरीकडे कधी तिची खाट असायची, कधी तिचं दूध ठेवलेलं टेबल.

मला संध्याकाळी कसकस वाटायची. साडीच्या निऱ्या वाढल्या होत्या, म्हणजे मी बारीक झाले होते. मैत्रिणींनी कौतुक केलं आणि मी ते घेतलं. रविवारी विहारात वंदनेला बसायचे तेव्हा शेजारच्या बाया सरकून जागा द्यायच्या. मला वाटायचं, मान देतायत.

लाल

सव्विसाव्या आठवड्याचा शब्द 'लाल'.

हा भाग मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. आता लिहून टाकते.

सकाळी खिडकीपाशी उभी होते. खोकल्याची उबळ आली. पांढरा हातरुमाल तोंडाला लावला, काढला, तर त्यावर एक ठिपका. मसुरीएवढा. ताजा लाल. स्टेजवर मी याच्या दसपट मोठा डाग पाडत असे आणि टाळी घेत असे. हा ठिपका एवढासा होता आणि खोलीत टाळी वाजवायला कोणी नव्हतं.

मला सांगायला आवडेल की माझे पाय लटपटले. ते नंतर झालं. आधी मी रुमाल खिडकीच्या कट्ट्यावर पसरला, सुरकुत्या सरळ केल्या, पडदा थोडा सरकवून उजेड बाजूने घेतला आणि तीन फोटो काढले. आधी फोटो काढला, मग घाबरले. माणसाच्या मनात गोष्टी कुठल्या क्रमाने येतात ते एकदा कळलं की मग ते विसरता येत नाही.

रुमाल धुतला. फोटो कार्डावर राहू दिले. ग्रुपवर दुसरंच काहीतरी पाठवलं. लाल फुग्याचा फोटो.

"कब से है?"

एकतिसाव्या आठवड्यात मी ऑफिसच्या जिन्यात बसले ती उठलेच नाही. जिने चढताना श्वास पुरेना. शिपायाने पाणी दिलं, निखिल आला आणि मला सरकारी रुग्णालयात घेऊन गेला. एक्स-रे, थुंकी, रांग, पुन्हा रांग. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर मॅडमनी एक्स-रे उजेडाला धरला. मी मनात म्हटलं, पाठीमागून प्रकाश छान पडलाय. माझी खोड बघा.

"टीबी है," त्या म्हणाल्या. "ठीक हो जाएगी. दवा पूरी खानी पड़ेगी. खाँसी कब से है?"

निखिल माझ्याकडे बघत होता.

"दो हफ़्ते," मी म्हटलं.

"कभी ख़ून आया?"

"नहीं."

पंधरा वर्षांचा रंगमंचाचा अनुभव त्या एका शब्दात होता. आवाज कुठे कापला नाही, नजर हलली नाही. निखिलने सुटकेचा श्वास सोडला. मला त्या श्वासाचीच भीती वाटली, कारण तो माझ्या शेजारी बसून घेतलेला होता.

"घर में कोई छोटा बच्चा है?" मॅडमनी विचारलं.

त्यानंतर त्या खोलीत काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. निखिलने 'हाँ, चार साल की' म्हटलेलं आठवतं. आणि तो रडत नव्हता, नुसता माझ्या पर्सचा बंद घट्ट धरून उभा होता.

कॅमेरेवाली बाजी

फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं, म्हणून नऊ दिवस वॉर्डात होते. ज्यांना पुढे राहावं लागणार असेल त्यांच्यासाठी सांगते. सकाळी मोकळ्या हवेत जाऊन डबीत थुंकायचं. जेवढं खोलवरून येईल तेवढं चांगलं. लाजू नका, सगळेच त्यासाठी आलेले असतात. मग गोळ्या. सिस्टर समोर उभी राहून गिळायला लावते, जीभ वर करून दाखवायची. लघवी केशरी होते, घाबरू नका. 'केशरी' हा शब्द आमच्या ग्रुपवर कधी आला नाही याची मला आजही हळहळ आहे. तिसऱ्या दिवशी भूक लागते. खिचडी पातळ असली तरी ती इतकी चांगली लागते की आपण जगणार आहोत असं वाटायला लागतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर रज़िया आपा होत्या; मला त्या बाजी, म्हणजे ताई, म्हणायच्या. चौकात चिकनकारी करणाऱ्या, साठीच्या पुढच्या. त्यांची टीबीची ही दुसरी खेप. पहिल्या वेळी चार महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या होत्या.

"बाजी, ये बीमारी मेहमान नहीं है कि चाय पिला के रुख़्सत कर दो," त्या म्हणायच्या. "इसको दरवाज़े तक छोड़ के आना पड़ता है."

खाटेवर बसून त्या कुर्त्यावर सुई चालवायच्या. सुजलेली, सुयांनी टोचलेली बोटं, आणि त्यांतून तांदळाच्या दाण्यासारख्या मुर्री टाक्याचं बारीक बारीक काम. एका सकाळी खिडकीतून ऊन थेट त्यांच्या हातांवर पडलं. मी हळूच फोन काढला. कॅमेरा घरी होता, पण आकडा एकतीसवर अडकला होता ना!

"पूछा?" आपांनी मान वर न करताच म्हटलं.

"जी?"

"हमारी उँगलियाँ हैं. पूछ के लीजिए."

"ले लूँ?"

"नहीं." त्यांनी टाका घातला. "आज नाख़ून गंदे हैं. कल पूछिएगा."

दुसऱ्या दिवशी विचारलं. हो म्हणाल्या, नखं स्वच्छ करून बसल्या होत्या. तो फोटो आजही माझ्याकडे आहे. ग्रुपवर टाकला नाही, कारण टाकू का हे विचारायचं राहिलं. मी कितीतरी वर्षं माणसांच्या तोंडापाशी कॅमेरा नेत होते आणि 'पूछा?' मला कोणी विचारलं नव्हतं. इराला तर मी कधीच विचारलं नाही. ती 'मैं रेडी' म्हणायची, एवढं मला पुरायचं.

एकतीस फोटो

घरी आले त्याच दुपारी टीबी केंद्रातली बाई आली. तरुण, चटपटीत, खांद्याला कापडी पिशवी. घरात कोण कोण, कोण कुठे झोपतं, माझ्या जवळ जास्त कोण असायचं, सगळं विचारायला लागली. आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. मी दाराजवळ, मास्क लावून. इरा आत झोपली होती.

"बच्ची आपके कितना पास रहती थी?"

"दूर ही रहती थी," मी म्हटलं. "मैं तो ऑफ़िस में होती हूँ ना दिन भर."

शालिनी तोवर गप्प होती. मी रुग्णालयात असतानाही ती एकदाही ओरडली नव्हती. रोज डबा पाठवत होती. ती उठली, आत गेली आणि माझा लॅपटॉप घेऊन आली. स्क्रीन बाईंच्या समोर धरली आणि एकेक फोटो पुढे सरकवायला लागली.

"ये देखिए. 'धूप'. ये इरा है. 'परछाईं', ये भी इरा. 'ऊन', इरा. स्वेटर मम्मी जी का है, उसके अंदर इरा." हिंदीतलं ऊन म्हणजे लोकर. ती थांबली. "और ये. 'साँस'."

तो फोटो ग्रुपवर सगळ्यात गाजला होता. हिवाळ्यातली सकाळ, खिडकीची काच, काचेवर इराच्या तोंडाच्या वाफेचा गोल ढग. मिश्रा सरांनी लिहिलं होतं, 'इससे बेहतर नहीं हो सकता.' त्यांनी दुसरा ढग पाहिला नव्हता. काचेवर बाजूला अजून एक वाफेचा गोल होता, मोठा. आम्ही दोघी मिळून फुंकर मारत होतो. कोण मोठा ढग काढतं, अशी पैज होती. काचेत माझा चेहरा अर्धा दिसत होता. इराच्या गालापासून वीतभर.

"मम्मी जी झूठ नहीं बोल रहीं," शालिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "इनको याद नहीं रहता. फ़ोटो में रहता है."

"शालिनी, यार," निखिल म्हणाला.

"यार क्या? गिन लो."

कोणी मोजलं नाही. गरज नव्हती. बाईंनी नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी इराला तपासणीला आणायला सांगितलं.

मी उठून जिना चढले आणि बरसातीत गेले. मला कोणी जा म्हटलं नव्हतं.

दोन दिवस

इराच्या हातावर सुई टोचून औषध सोडलं. दोन दिवसांनी तिथे फुगतं का ते बघायचं. एक्स-रेही काढला. त्या दोन दिवसांत मी बरसातीच्या खिडकीत बसून होते. खाली अंगणात इरा खेळायची. वर बघायची, बाही सरकवायची आणि हात दाखवायची. "दादी, देखो! कीड़ा काटा!" तिच्या हातावरचा गोल मला वरून दिसत नव्हता. झूम नव्हता ना. आयुष्यात पहिल्यांदा मला लांबूनच बघायचं होतं आणि तेव्हाच जवळून दिसावं म्हणून माझा जीव तुटत होता.

अशोक ताट घेऊन वर यायचा, दाराबाहेर ठेवायचा आणि तिथेच पायरीवर बसायचा. एकदा म्हणाला, "मीही तुला ओढून न्यायला हवं होतं."

"मी गेले नसते."

"ते मला माहीत होतं. म्हणूनच ओढलं नाही. ते सोपं होतं." मग थोड्या वेळाने, "भाजीत मीठ जास्त झालंय का?"

"तू केलीस?"

"शालिनीनेच केली. पण तिने आज काहीच चाखून पाहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निखिल जिन्याच्या मध्यावर येऊन उभा राहिला. गोल फुगला होता. एक्स-रे मात्र स्वच्छ होता. म्हणजे जंतू आत गेलाय, आजार झालेला नाही. तो होऊ नये म्हणून सहा महिने रोज एक गोळी.

"डॉक्टर ने कहा, पक्का नहीं बोल सकते किससे आया," निखिल म्हणाला. "शहर में बहुत है. कहीं से भी..."

"निखिल."

"हाँ."

"माझ्यापासूनच आलंय."

 मग कितीतरी वर्षांत माझ्याशी बोलला नव्हता त्या मराठीत तो म्हणाला, "आई, तू जेवून घे." मला पुन्हा आई म्हणून हाक मारायला त्याला वीस वर्षं लागली होती. मी ती हाक अशा दिवशी ऐकली की आनंद करायचीही सोय नव्हती.

दूरी

मिश्रा सरांना कोणीतरी कळवलं होतं. ग्रुपने माझा आकडा गोठवून ठेवायचं ठरवलं, 'मंगला जी के लिए विशेष छूट'. त्या रविवारी आलेला शब्द होता 'दूरी'.

सोमवारी संध्याकाळी इरा जिन्याच्या तळाशी येऊन उभी राहिली. शालिनीने तिला तिथे खडूने रेघ मारून दिली होती. रेघेच्या पुढे यायचं नाही. ऊन तिरकं होतं. सगळा जिना सावलीत आणि शेवटच्या पायरीवर एवढीशी मुलगी, पायाशी पांढरी रेघ. तिने उजेडाकडे अर्धी मान वळवली.

"दादी, मैं रेडी."

मी सांगते तुम्हाला, तसा फोटो वर्षात एकदा मिळतो. कॅमेरा माझ्या मांडीवर होता. माझा हात गेला. मग आपा आठवल्या.

"शालिनी!" मी वरून हाक मारली. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. "एक फ़ोटो ले लूँ? इरा की?"

तिने इराकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे.

"नहीं," ती म्हणाली.

"अच्छा," मी म्हटलं, आणि कॅमेऱ्यावर झाकण लावलं.

शनिवारी मी मिश्रा सरांना लिहिलं की सवलत नको. रविवारी माझ्या नावापुढे शून्य आलं. छान गोल, वाटोळं शून्य.

सकाळी साडेसात

दोन आठवड्यांनी डॉक्टर मॅडम म्हणाल्या की आता माझ्यापासून फारसा धोका नाही. शालिनी म्हणाली, "दो महीने." मी दोन महिने वर राहिले. घरच्यांच्या भीतीशी वाद घालू नका. ती गोळ्यांनी जात नाही, दिवसांनी जाते.

इरा गोळी घेईना. चमच्यात पाण्यात विरघळवून द्यायची. ती थुंकायची, पळायची, दात घट्ट आवळायची. खालून रोज सकाळी रडणं ऐकू यायचं आणि मी वर माझ्या गोळ्या हातात घेऊन बसायचे. तिचं काही चुकलं नव्हतं आणि तिला रोज माझ्या चुकीची चव घ्यावी लागत होती.

आठव्या दिवशी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर आले आणि प्रवेश घेतला. पूर्ण नाटकी. एका गोळीकडे बघून थरथरले, छातीवर हात ठेवला, 'नाही, नाही, दया कर!' म्हटलं, गिळली, जागीच कोसळले, एक डोळा उघडला आणि उठून बसले. खाली रडणं बंद झालं.

"फिर से मरो," इरा म्हणाली.

"तू घे, मग मी मरते."

सहा महिने रोज सकाळी साडेसातला मी मेले; खाली राहायला आल्यावरही रंगमंच तोच, वरची पायरी. पावसाळ्यात छत्रीखाली मेले, ताप असताना मेले. उलटी होईल असं वाटत असतानाही मेले, कारण खाली चमचा वाट बघत असायचा. एवढा नियमित प्रयोग मी आयुष्यात केला नव्हता. ट्रायपॉडही शेवटी कामाला आला. त्याच्यावर मी मास्क वाळत घालायचे.

शालिनी चमचा धरून उभी असायची. हसायची नाही. पण चौथ्या महिन्यात एकदा मी मरायला उशीर केला तेव्हा तिने वर बघून विचारलं, "मम्मी जी? आज नहीं?"

वाचन

माझी शेवटची गोळी आणि इराची शेवटची गोळी एकाच महिन्यात संपली. मंडळाच्या अंकासाठी मी हे लिहायला घेतलं. 'लाल' पर्यंत आले तेव्हा लक्षात आलं की मी हे मराठीत लिहितेय आणि मनात कुठेतरी धरून चाललेय की शालिनी वाचणार नाही. तीच जुनी खोड. तोंड दुसरीकडे करून खोकायचं.

काल दुपारी मी तिला समोर बसवलं आणि तो भाग वाचून दाखवला. नंतर कार्ड लॅपटॉपला लावलं आणि ते तीन फोटो उघडले. पांढरा रुमाल, बाजूचा उजेड, मसुरीएवढा ठिपका.

तिने फोटोखालची तारीख वाचली. बराच वेळ वाचली.

"ये इरा के बर्थडे वाला दिन है," ती म्हणाली.

"हो."

"सुबह ये. और शाम को आपने उसके साथ मोमबत्ती बुझाई."

"हो." लाल फुगा त्याच संध्याकाळचा.

मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होते. मला ते हवं होतं. ओरडून झालं असतं तर माझं थोडं सुटलं असतं. तिने लॅपटॉप बंद केला.

"कल इरा का आख़िरी चेकअप है. आप चलिए साथ में. और ये डॉक्टर को आप दिखाइए. आप ख़ुद."

आज सकाळी गेले. डॉक्टर मॅडमनी इराला तपासलं, वजन केलं, गाल ओढला आणि फाइलवर सही केली. ठणठणीत आहे. मग रात्री फोनवर उतरवून घेतलेला तो फोटो मी त्यांच्यासमोर धरला आणि सांगितलं. दो हफ़्ते नहीं, बारह. और ख़ून आया था. ये रहा.

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला.

"अच्छी खींची है," त्या म्हणाल्या. "पाँच हफ़्ते पहले यही मुझे दिखानी थी." आणि माझ्या जुन्या कागदावरचं 'दो हफ़्ते' खोडून त्यांनी खरं लिहिलं. आता कुणाला त्याचा काही उपयोग नव्हता. तरी त्यांनी ते नीट, वळणदार अक्षरात लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात इरा आमच्या पुढे धावली. टोकाला एक उंच खिडकी आहे, तिथून फरशीवर उजेडाचा चौकोन पडला होता. ती त्यात जाऊन उभी राहिली आणि अर्धी मान वळवली.

"दादी, मैं रेडी."

मी शालिनीकडे पाहिलं. विचारलं नाही, नुसतं पाहिलं. तिला कळलं. ती माझ्या हातातल्या फोनकडे, मग तिथून इरापर्यंतच्या रिकाम्या फरशीकडे बघत राहिली.

"एक," ती म्हणाली. "और यहीं से."

मी तिथूनच काढला. इरा फोटोत नखाएवढी आली आहे.